बारा हजारांचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

कळंब्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत नोकरी, महिन्याला हातात ६२ हजार, घरात कमावते तेवढेच. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३. वडील ७१, आई ६६, आईला मधुमेह. वडिलांची ईपीएस (पीएफसोबतची) पेन्शन महिन्याला २,६०० रुपये, म्हणून हे त्यांना दरमहा १२ हजार देतात. प्रश्न असा: "ही रक्कम ६ हजारांवर आणून मुलांसाठीची म्युच्युअल फंडातली दरमहा ५ हजारांची एसआयपी वाढवू का? विचारतानाही जिवावर येतं."

खाली ता. क. आहे: "बाबांकडे १४ लाखांच्या एफडी होत्या, व्याजाला ते हात लावत नाहीत. त्यातली एक मोडून बँकेतून नातवाच्या नावानं गॅरंटीड योजना घेतली. वर्षाला २ लाख, दहा वर्षं. वीस वर्षांनी ४३ लाख मिळणार. कागद दहा दिवसांपूर्वी आले."

साहेब, सगळं पत्र एकीकडे आणि हा ताजा कलम एकीकडे. त्या दहा दिवसांमुळेच तुमचं पत्र रांग मोडून आधी घेतलं. ही 'योजना' म्हणजे विमा पॉलिसी. तिचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पैसे परत मिळतात. स्टॅम्प ड्युटी, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापतील, बस. तीस दिवस उलटले की हे दार बंद.

आता हिशेब बघा. पहिला हप्ता गेला, बाबांकडे १२ लाख उरले. म्हणजे आणखी सहा हप्ते. शेवटचे तीन, ६ लाखांचे, कोण भरणार? तुम्हीच. तोवर आई-बाबांच्या नावावर रुपया नसेल आणि आजारपणही तुमच्याकडेच येईल. ४३ लाख ऐकायला दणदणीत वाटतात, पण परतावा पडतो वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास. आणि ते मिळतील तेव्हा बाबा ९१ वर्षांचे असतील. एकाहत्तरीच्या माणसाला, ज्याची पेन्शन २,६०० आहे, दहा वर्षं हप्ते भरायची योजना विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. नातवाचं नाव काढलं की आजोबा सही करतात, हे काउंटरवर बसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. (नातीचं नाव त्या कागदांत कुठेच नाही, तेही खटकलं.)

पॉलिसी परत करायचा अर्ज बाबांच्या सहीनं विमा कंपनीकडे जायला हवा, नुसतं बँकेत तोंडी सांगून भागत नाही. कंपनीच्या शाखेत द्या, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या, शिवाय ईमेल करा. "काका, तीन वर्षं तरी भरा" असं कुणीतरी म्हणेलच. ऐकून घ्या आणि पोच मागा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

मग ते १४ लाख घ्या. २ लाख अडीनडीला एफडीत राहू द्या. १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, आई-बाबांच्या संयुक्त खात्यात. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८ हजार, म्हणजे महिन्याला ८,२०० पडतात. व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, मुद्दल शाबूत राहतं. खातं बँकेतही निघतं, पण तुम्ही पोस्टात जा. बाबांना रागावू नका. त्यांना नातवंडांसाठी काही ठेवून जायचंय, एवढंच ना? नॉमिनी म्हणून दोन्ही नातवंडांची नावं लावा. स्वतःच्या व्याजावर घर चालवून मुद्दल मागे ठेवता येतं, हे त्यांना पासबुक उघडून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. १२ हजारांच्या जागी ४ हजार पुरतील. आई-बाबांच्या ताटातलं काही कमी न होता ८ हजार सुटतात.

पण ते सगळे एसआयपीत नाही. विमा उतरवलाय तीन वर्षांच्या पोराचा, आणि ज्याच्या पगारावर घर चालतं त्याच्या नावावर पीएफसोबत येणारा ७ लाखांपर्यंतचा विमा सोडला तर काही नाही! १ कोटीचा टर्म इन्शुरन्स (तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) घ्या, महिन्याला दीड हजार धरा. बाबा सत्तरीपुढचे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, उत्पन्नाची अट नाही. जवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे ते आजच बघून ठेवा. आई त्यात अजून बसत नाहीत. तुमच्या कंपनीच्या गटविम्यात त्यांचं नाव घालता येतं का विचारा, नाहीतर वेगळी पॉलिसी, महिन्याला ३ हजार धरा. मधुमेह लपवू नका. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, पण लपवलेला आजार ऐन वेळी दावा बुडवतो.

उरले साडेतीन हजार. एसआयपी ५ ची साडेआठ करा. तुम्ही १८ टक्के परतावा धरून १५ वर्षांत ४५ लाख लिहिलेत. कुणी सांगितले हे १८? १० धरा. ५ हजारांचे २१ लाख होतात, साडेआठचे ३५. लेक इंजिनिअरिंगला जाईल तेव्हा यातले अकराच वर्षांचे पैसे हाताशी असतील, म्हणून दरवर्षी पगारवाढ झाली की त्यातले पाचशे-हजार तिच्या नावानं वाढवत जा.