झोपणाऱ्याला काय ठाऊक!

मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. घोरणं जुनंच, पण हल्ली मध्येच आवाज थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मला छान झोप लागते." दुपारी मात्र बसल्या जागी डुलक्या. काय करू?

ताई, मला घोरण्यापेक्षा त्या थांबण्याची काळजी वाटते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच माहीत नाही. म्हणून अशा पेशंटला मी एकट्याला येऊ देत नाही, शेजारी झोपणाऱ्या माणसाला आधी बोलतं करतो. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. छाती-पोट हलतंय, पण श्वासाचा आवाज नाही, हे त्यात दिसलं की डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

मग रात्रभराची झोपेची तपासणी. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा, नाकाशी बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. सुई कुठेच नाही. एवढ्या तारांत झोप कशी लागणार, असं सगळेच विचारतात. लागते, आणि थोडी कमी लागली तरी बहुतेक वेळा नोंद पुरते. किमान १० सेकंद श्वास अडला किंवा उथळ झाला असं तासाला सरासरी किती वेळा घडलं, ते मोजतात. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर तीव्र. लक्षणं अशी स्पष्ट असतील तर छोटं यंत्र घरी देऊनही तपासता येतं.

तीव्र निघालं तरी घाबरू नका. पूर्वी अशा पेशंटच्या गळ्याला भोक पाडावं लागे. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवायची पद्धत मांडली. आजचं सीपॅप मशीन तेच. आणि तपासणी होईपर्यंत त्यांना हायवेवर गाडी चालवू देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

वय ६६. रात्री नऊला आडवा होतो, बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मशीनवरची तपासणी करून घेऊ का?

काका, घोरणं किंवा श्वास अडणं नसेल तर सहसा गरज नाही. आठवड्यात तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर तो जुनाट निद्रानाश. तो ओळखायला वही पुरते: दोन आठवडे रोज सकाळी लिहा, कधी आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलात, दुपारी किती झोपलात, शेवटचा चहा कधी घेतला. नऊ ते सहा अंथरुणात नऊ तास होतात आणि झोप सहाच तासांची, हे वहीतच दिसेल. मग झोप येईल तेव्हाच आडवं व्हायचं, उठायची वेळ पक्की ठेवायची. सवयी आणि विचार बदलणारी ही उपचारपद्धती गोळीच्या आधी करायची असते. गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

संध्याकाळी टेकलं की पायांत वळवळ सुरू होते, चाललं की बरं वाटतं. हिमोग्लोबिन ठीक आहे.

निदान तुम्हीच लिहिलंत! याला अस्वस्थ पायांचा विकार (रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम) म्हणतात. त्यासाठी तारा नकोत. मात्र फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. तो भरला की पुष्कळांचे पाय शांत होतात.

बाबा (६९) पहाटे झोपेत ओरडतात, हात झाडतात. परवा आईला लागलं. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे.

बाहेरचं काही नाही. स्वप्न पडताना एरवी अंग लुळं असतं. इथे तो अटकाव सुटतो आणि स्वप्नातली मारामारी हातापायांत उतरते. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. इथे मात्र व्हिडिओसह रात्रभराची तपासणी हवीच. काहींना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन होतो, म्हणून नंतरही दाखवत राहायचं. आजपासून आईचं अंथरूण वेगळं करा, बाबांची गादी जमिनीवर घाला, जवळचं टेबल हलवा. वास येणं कमी झालंय का, बद्धकोष्ठ आहे का, हे त्यांना विचारून ठेवा. डॉक्टर विचारतील.