पुएंते-चिनोच्या टेकड्यांवर कामाला जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या या टेकड्यांवर मूळची झुडपं मोजायच्या आणि लावायच्या कामाला गेल्यावर झुडपांच्या आधी खडक आणि उताराची दिशा बघ. खडक मायोसीन काळातला (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीचा), समुद्राच्या तळाशी साचलेला: वालुकाश्म आणि गाळाचे मऊ थर. व्हिटियर आणि चिनो या प्रस्तरभंगांलगतच्या (खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगांलगतच्या) हालचालींनी तो वर आला. त्याची चिकणमाती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. थरांचा कल उताराच्याच दिशेने असेल तिथे दरड सरकते. तिथे खोदकाम टाळ. उत्तरेच्या उतारावर ओल टिकते, म्हणून काळा अक्रोड आणि ओक तिकडे. दक्षिणेच्या तापलेल्या उतारावर सेजब्रश, बकव्हीट, ब्लॅक सेज ही बुटकी झुडपं.

सेजब्रश आपल्या दवण्याच्याच प्रजातीतलं (आर्टेमिसिया), जात वेगळी. पान चुरगळलंस की लगेच कळेल. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ही झुडपं उन्हाळ्यात पानं गाळतात. ऑगस्टमधल्या करड्या झुडपाची नोंद ‘मृत’ अशी करू नकोस. मोजणी मार्च ते मे या काळात कर. 50 मीटरचा टेप ताण, दर अर्ध्या मीटरला टेपखाली कोणती वनस्पती आहे ते लिही. 100 नोंदी होतात, टक्केवारी वेगळी काढावी लागत नाही.

खरा धोका वरचेवर लागणाऱ्या आगींचा. एका आगीनंतर सेजब्रश बियांतून उठतं. पण रोपांनी बी धरण्याआधीच दुसरी आग आली की जमिनीतला साठा संपतो आणि परदेशी गवत व काळी मोहरी जागा घेतात. ती वाळली की पुढची आग आणखी सहज पेटते. धुरक्यातून जमिनीत उतरणारं नायट्रोजनही गवताच्याच पथ्यावर पडतं. म्हणून लागवडीला खत अजिबात घालू नकोस.

मोहरी शेंगा धरण्याआधी मुळासकट उपटायची. शेंगा आल्या असतील तर पिशवीत भरून बाहेर न्यायची. एका वर्षात हे संपत नाही, बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. मात्र फेब्रुवारी ते ऑगस्ट हा कॅलिफोर्निया नॅटकॅचरच्या विणीचा काळ. 1993पासून या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्या महिन्यांत झुडपं छाटायची नाहीत, आणि मोहरी काढायलाही जाणकाराने घरटी तपासल्यावरच शिरायचं.

रोपं पहिल्या चांगल्या पावसानंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत लाव. खड्डा कुंडीइतकाच खोल, खोडाचा बुंधा मातीच्या किंचित वर. उन्हाळ्यात माती सतत ओली ठेवलीस तर फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो. तो रोपवाटिकेतूनही येतो, तेव्हा घेताना रोप कुंडीतून काढून मुळं बघ. काळपट, मऊ असतील तर तो सगळा गट परत कर.

तुझे काका