वाचक विचारतात : रिव्हेटमधून गळणारी कॅराव्हॅन

प्रश्न : काका नमस्कार, मी पेडण्याचा. आमच्या कुळागरात पाहुण्यांना राहायला म्हणून एक जुनी अमेरिकन बनावटीची अ‍ॅल्युमिनियमची कॅराव्हॅन घेतलीय, वीसेक फुटांची, ती एअरस्ट्रीम असते ना तशी गोल पाठीची. गेल्या पावसात रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळींतून पाणी आत आलं, गॅरेजवाल्याने सगळ्या रिव्हेटवर बाहेरून सिलिकॉन मारून दिलं, पण गळती थांबली नाही उलट वाढली. चाकाच्या वरचा प्लाय कुजलाय, आतून कुबट वास येतो. आता परत सिलिकॉन मारू की वर पत्र्याची शेड घालून मोकळा होऊ?

उत्तर : शेड घातलीस तर वरचा पाऊस अडेल पण आपल्याकडची आडवी झड कुठे अडणार, आणि एवढी सुंदर वस्तू शेडखाली झाकून ठेवायची म्हणजे जिवावर येतं रे. सिलिकॉन तर अजिबात परत मारू नको. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि ते अ‍ॅल्युमिनियमला खातं, शिवाय सिलिकॉनचा तेलकट थर एकदा पत्र्यावर बसला की त्याच्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. म्हणून पहिलं काम ते सगळं काढणं. प्लास्टिकच्या पत्तीने खरवडायचं, उरलेल्याला सिलिकॉन रिमूव्हर, मग स्कॉचब्राइट आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल लावू नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि आपल्या खाऱ्या हवेत तिथेच गंजाचे डाग उठतात. कॉस्टिकचं पाणीही नको, ते थेट पत्राच खातं.

आता मूळ मुद्दा. या गाड्यांचं अंग विमानासारखं असतं, पातळ पत्रे, आत फासळ्या, आणि सगळं रिव्हेटने शिवलेलं. बोगमाळोच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जे मोठं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे त्याच्या पोटाखाली जाऊन रिव्हेटच्या ओळी एकदा नीट बघून ये, मग मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पत्रा सारखा हलत असतो. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं, पहाटे ते दुपार ४० अंशांचा फरक पडला तर ६ मीटर लांबीत साधारण साडेपाच मिलिमीटर, आणि ही ओढाताण रोजची. त्याने काही रिव्हेट सैल होतात, आणि सैल रिव्हेटवर बाहेरून काहीही फासलं तरी ते हलून हलून सुटणारच, एम-सीलसारखी कडक पुटी तर त्याहून लवकर तडकते. सैल रिव्हेट ओळखायचा कसा तर डोक्याभोवती काळसर करडी रेघ किंवा भुकटी दिसते, घासाघाशीने निघालेलं अ‍ॅल्युमिनियमच असतं ते. बोटाने दाबून बघ, डोकं फिरलं किंवा हललं की खूण कर.

खुणा करण्याआधी पाण्याची टेस्ट कर आणि ती आतला पत्रा काढल्याशिवाय करू नको. पाणी शिरतं एका ठिकाणी, फासळीवरून धावतं आणि टपकतं तिसरीकडेच, त्यामुळे तुझा चाकावरचा प्लाय कुजला म्हणजे भोक चाकावरच आहे असं नाही, कदाचित ते खिडकीच्या वरच्या सांध्यात किंवा छताच्या व्हेंटपाशी असेल. एकाने बाहेरून साधा पाइप धरायचा, प्रेशर वॉशर नाही, आणि खालून वर जायचं, एकेका पट्ट्यावर पाच-सात मिनिटं पाणी. वरून सुरुवात केली तर खाली ओघळलेलं पाणी कुठून आत आलं ते कळतच नाही. दुसरा माणूस आत टॉर्च आणि मार्कर घेऊन. हे काम घाईत केलं की पुढचं सगळं वाया, म्हणून एक अख्खा दिवस काढ यासाठी.

मग सैल रिव्हेट बदलायचे. मधोमध पंच मारून रिव्हेटच्या दांड्याच्याच मापाच्या बिटने फक्त डोक्याच्या जाडीएवढं ड्रिल करायचं, डोकं उडवायचं आणि दांडा पंचने हळूच मागे ढकलायचा. पूर्ण आरपार ड्रिल केलं तर भोक मोठं होतं, लंबगोल होतं, आणि मग पुढच्या मापाचा रिव्हेट घ्यावा लागतो. नवा शक्यतो भरीव घाल, बाहेरून एअर गन आणि आतून लोखंडी ठोकळा धरणारा जोडीदार लागतो. मागची चपटी झालेली बाजू दांड्याच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या मापाएवढी उंच राहिली की बसला समज, म्हणजे ३.२ मिमीच्या रिव्हेटला ४.८ रुंद आणि १.६ उंच. वास्को-दाबोळी भागात नौदलातून निवृत्त झालेले विमानाचे मेकॅनिक भेटतात, त्यांच्यापैकी कोणी तयार झाला तर त्याच्या हाताखाली शिकून घे. आणि रिव्हेट घालताना दांड्याला सीलंट लावून ओलाच घालायचा, विमानवालेही तसंच करतात, त्याने भोकातली फट आतूनच भरते.

सीलंट पीयूचं घे, म्हणजे पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २२१ सारखं, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात बहुतेक मिळेल. आतून प्रत्येक रिव्हेटच्या शेपटीवर लहान ब्रशने एक ठिपका आणि प्रत्येक सांध्यावर सलग पट्टा. बाहेरून फक्त सांध्यात मास्किंग टेप लावून एक-दोन मिलिमीटरची बारीक रेघ, बस. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं त्यामुळे आपली दमट हवा त्याला चालते, पण पत्रा स्वतः कोरडा ठणठणीत पाहिजे, म्हणून हे मिरगाच्या आधी, एप्रिल-मेमध्येच उरक. आणि पोटाखालच्या पत्र्याला पाणी निघून जायची भोकं असतात ती मात्र चुकूनही बुजवू नको, कुजलेला प्लाय काढशील तेव्हा ती मोकळी आहेत ना ते तपासून घे.

प्रश्न : काका, हार्डवेअरवाला म्हणतो स्टेनलेसचे पॉप रिव्हेट घाला, आयुष्यभर बघायला नको. घालू का? (फोंड्याहून एक ताई)

उत्तर : नको ताई. स्टेनलेस टिकेल हो, पण भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम जाईल. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, भोकाभोवती पांढरी भुकटी येते आणि हळूहळू भोक वाढतं, किनाऱ्याजवळ तर फारच लवकर. अ‍ॅल्युमिनियमचेच घ्या. आणि साधा पॉप रिव्हेट, म्हणजे बाहेरूनच मधला खिळा ओढून बसवायचा तो, मधून पोकळ असतो, त्यातून थेट पाणी येतं, शिवाय आत अडकलेला खिळ्याचा तुकडा स्टीलचा असला की तपकिरी ओघळ सुरू होतात, तर बंद तोंडाचे, सील्ड पॉप रिव्हेट असं स्पष्ट सांगून मागा. जिथे आतून हात पोचत नाही तिथेच ते वापरा. बाहेरून भरीवसारखं दिसायला हवं असेल तर ऑलिम्पिक रिव्हेट म्हणून येतात, त्यांचं डोकं तासून गोल करता येतं, फक्त ते मागवावे लागतील आणि तासल्यावर मधल्या खिळ्याभोवती सीलंटचा बारीक थेंब द्यावा लागतो.

प्रश्न : पॉलिश आधी की सीलंट आधी? (पेडण्याच्याच भावाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : आतलं सीलंट कधीही लाव, पॉलिशचा आणि त्याचा संबंध नाही. बाहेरची रेघ मात्र पॉलिश झाल्यावर, नाहीतर पॉलिशची काळी घाण तिच्यावर बसते आणि ती कायमची. पण पॉलिशमधलं मेण सांध्यात शिरून राहतं आणि त्याच्यावर पीयू धरत नाही, त्यामुळे रेघ ओढायच्या आधी प्रत्येक सांधा अल्कोहोलने दोनदा पुसून घे, दरवेळी नवं फडकं, आणि फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत सीलंटची गन हातात घेऊ नको.