वर्ग ओस का पडला, आणि आधी काय करायचं

तुम्ही लिहिलंय की ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग काढला, पहिल्या दिवशी ३० जण आले आणि चौथ्या आठवड्यात ६ उरले. आता त्या ६ जणांना धरून उद्योजकतेचं शिबिर घ्यायचंय आणि प्रत्येकाला कॉलेजचा एकेक मुलगा किंवा मुलगी जोडून द्यायचीय. कल्पना वाईट नाही, क्रम मात्र उलटा आहे. मी हेच काम ९ वर्षं करतेय. पहिली दोन वर्षं मीही रिकाम्या खुर्च्याच मोजल्या.

आमचा तेव्हाचा अभ्यासक्रम अजून जपून ठेवलाय, स्वतःला हसायला. धडा पहिला, फोनची ओळख. दुसरा, सेटिंग्ज. पाचवा, ईमेल. शिकवणारे तळमळीचे होते, पण ईमेल पाठवायचा कोणाला, हे समोर बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं कचेरी किंवा संसार चालवला, त्यांना आम्ही पुन्हा पहिलीच्या बाकावर बसवलं होतं. गळती लागल्यावर आम्हीच आपसात म्हणायचो, 'या वयात डोक्यात शिरत नाही हो.'

त्या गळलेल्यांत एक काकू होत्या, वय ६८, कापडी पिशव्या शिवणाऱ्या. तिसऱ्या तासानंतर आल्याच नाहीत. सहा-सात महिन्यांनी त्यांच्याकडे गेले, तर शिवणयंत्राला टेकवून फोन उभा केलेला, पलीकडे गिऱ्हाईक, आणि काकू पिशवी उलटी करून अस्तर दाखवताहेत. कोणी शिकवलं, विचारलं, तर म्हणाल्या, 'शिकवतंय कोण? परगावच्या त्या बाईंना कापड कापायच्या आधी नमुना बघायचा होता.' शेजारी एक वही होती. तीत लिहिलेलं: 'फोटो पाठवणे – पिनेचं चित्र. आवाज पाठवणे – माईक दाबून धरायचा, बोट उचललं की गेला. चुकून गेला तर त्याच्यावरच बोट दाबून धरायचं, कचरापेटी येते.' आमच्या २४ पानी पुस्तिकेपेक्षा ते एक पान सरस होतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी फोन पिशवीतून काढूच देत नाही. दोनच गोष्टी विचारते. लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात? आणि कोणाशी बोलायचं राहून जातंय? पहिल्या उत्तरातून धंदा निघतो, दुसऱ्यातून व्हिडिओ कॉल. फोन मग आपोआप हातात येतो.

हे फक्त माझ्या अनुभवाचं नाही. जपानच्या शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं दीड हजारांहूनही कमी वस्तीचं गाव आहे. १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या संत्र्यांसारख्या फळांच्या बागा गेल्या. १९८६ पासून तिथले लोक, त्यातही वयस्क बायका, उपाहारगृहांना ताट सजवायला लागणारी पानं-फुलं विकू लागल्या. मागणी आधी फॅक्सवर यायची, पुढे संगणकावर, मग टॅब्लेटवर. आधी होकार देईल त्याला ऑर्डर, असा हिशेब. संगणक शिकल्या नाहीत तर ऑर्डर शेजारणीकडे जाणार! त्यांच्यासाठी नेहमीच्या माउसऐवजी ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवरच बोटांनी फिरवायचा गोळा, दिला होता आणि आपण विक्रीत कितवे आहोत हेही पडद्यावर दिसायचं. ज्येष्ठांना चुरस नको असते, हा आपला गोड गैरसमज.

जपानच्याच मासाको वाकामिया यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बँकेतून निवृत्त होताना त्यांनी संगणक घेतला, कारण आईच्या देखभालीसाठी घरी राहावं लागणार होतं आणि गप्पांना माणसं हवी होती. बघा, तिथेही आधी गरज. पुढे फोनवरच्या खेळांत तरुणांपुढे आपला टिकाव लागत नाही म्हणून ज्येष्ठांना जमेल असा खेळ बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. एका तरुण प्रोग्रॅमरकडून दुरूनच, स्काइपवर शिकत, बाहुल्यांच्या मांडणीचं 'हिनादान' हे ॲप त्यांनी २०१७ मध्ये ८१ व्या वर्षी बाजारात आणलं. त्या तरुणाने ॲप 'करून दिलं' असतं, तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरलीच नसती.

यावरून तुमच्या जोड्यांकडे येते. तरुण मुलांना माझा पहिला नियम: हात पाठीमागे बांधून शिकवायचं. 'आण इकडे, मी करतो' म्हणत फोन ओढून घेतला की त्या दिवसाचं शिक्षण संपलं. काकांचं बोट थरथरेल, तीनदा भलतीकडे जाईल, बघत बसायचं. आणि दर वेळी चूक माणसाची नसते. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी पडते आणि पडद्याला स्पर्श नीट कळत नाही. वैतागून माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो, मग फोनला वाटतं 'दाबून धरलं' आणि भलताच मेनू उघडतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात दाबून धरण्याचा कालावधी वाढवता येतो. तेवढा वाढवा, अक्षर मोठं करा, मगच शिकवा. माझा अंदाज आहे, तुमच्या गळालेल्या २४ पैकी काही जण या एवढ्याशा गोष्टीमुळे गेले असतील.

दुसरं, जोडी दोन्हीकडून हवी. 'ज्येष्ठांना मदत' म्हणून आलेली मुलं प्रमाणपत्र मिळालं की दिसत नाहीत, आणि मी त्यांना दोषही देत नाही. आमची सगळ्यात टिकलेली जोडी म्हणजे एक निवृत्त हिशेबनीस काका आणि घरून डिझाइनची कामं करणारी २३ वर्षांची मुलगी. तिला उधारी मागायची लाज वाटायची, निम्मी बिलं तुंबलेली. काकांनी तिला तारीख घालून बिल कसं पाठवायचं, आठव्या दिवशी आठवण कशी करायची आणि न चिडता फोनवर काय बोलायचं हे शिकवलं. तिने त्यांना स्प्रेडशीट शिकवली. आता काका तिच्यासारख्या आणखी चौघांची वसुली बघतात, मोबदला घेऊन. तुमच्या शिबिराला हवा तो 'उद्योजक' हाच. अमेरिकेत बाल्टिमोरला 'एक्सपिरियन्स कोअर' या उपक्रमाने ज्येष्ठांना शाळांमध्ये लहान मुलांना वाचनात मदत करायला घेतलं, आठवड्याला १५ तास. 'तुमची तब्येत सुधारेल' असं सांगून नव्हे, मुलांना तुमची गरज आहे असं सांगून. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथे वृद्धाश्रमात विद्यार्थी राहतात. महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळायचा, भाडं माफ. दोन्हीकडे घेणं-देणं उघड आहे, म्हणून कोणालाच मिंधं वाटत नाही.

आता पैशाचं, इथे मी जरा कडक आहे. 'यशस्वी संस्थापकांचं सरासरी वय ४५' हा अमेरिकेतल्या अभ्यासातला आकडा शिबिरांत फार फिरवला जातो. आकडा खरा आहे, सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांचा. पण ४५ म्हणजे ६५ नव्हे. पंचेचाळिशीत बुडालेला माणूस पुन्हा कमवू शकतो. म्हणून आमच्याकडे निवृत्तीच्या ठेवीला हात लावायचा नाही, कर्ज नाही, आणि पहिले तीन गिऱ्हाईक मिळेपर्यंत पाटी-पत्रक काही नाही. आठवड्याला किती कामं झेपतील ते आधी ठरवायचं, त्यापुढे 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचं. आणि भाव लावताना 'घरीच तर करते, त्याचे काय घ्यायचे' हे वाक्य कानावर आलं की मी घड्याळ हातात देते. पिशवीवाल्या काकूंनी आठवडाभर वेळ टिपला, तेव्हा एका पिशवीला पावणेतीन तास लागतात हे त्यांनाच पहिल्यांदा कळलं. भाव दुसऱ्याच दिवशी बदलला.

फसवणुकीबद्दल घाबरवणारं व्याख्यान ठेवू नका, लोक घरी जाऊन फोन कपाटात ठेवतात. सराव करून घ्या. आमची मुलं ठरवून, आधी कल्पना देऊन, लबाडाचा फोन करतात: 'तुमचं खातं बंद होतंय, ओटीपी सांगा.' काका-काकूंनी एवढंच करायचं, 'मी नंतर बघते' म्हणून फोन ठेवायचा. हे तोंडी यायला चार-पाच खेपा लागतात. बोलणाऱ्याला मध्येच तोडणं त्यांच्या जिभेला जड जातं, खरी अडचण तिथे असते.

एक चूक माझी स्वतःची, ती तुम्ही करू नका. एका ज्येष्ठ जोडप्याच्या पुस्तकबांधणीच्या कामाचं ऑनलाइन पान आमच्या एका स्वयंसेवकाने झटपट उघडून दिलं, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या ईमेलवर. मी बघितलं आणि शाबासकी दिली. वर्षभराने तो नोकरीसाठी दूर गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला. पान दिसत होतं, गिऱ्हाईक त्यावर लिहीत होते आणि उत्तर देणारं कोणी नव्हतं. चाळीसेक ऑर्डर तरी हुकल्या असतील. आता खातं त्यांच्याच नंबरवर उघडतो, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, पासवर्ड त्यांच्याच अक्षरात वहीत आणि वही कुलपात. दर तीन महिन्यांनी मुलगा समोर बसतो आणि काका त्याच्या मदतीशिवाय एकदा खात्यातून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून दाखवतात.

तुमच्या त्या ६ जणांना शनिवारी फोनशिवाय बोलवा आणि वरचे दोन प्रश्न विचारा. गळालेल्या २४ जणांना मात्र निरोप पाठवू नका, दोघा-तिघांच्या घरी स्वतः जाऊन या. कोणी काय उत्तर दिलं ते इथे लिहिलंत तर कोणाची जोडी कोणाशी लावायची ते मिळून बघू.