डब्याच्या झाकणावर तारीख लिहा

प्रश्न : ताई, माझं वय ४७, वजन ७४ किलो, उंची पाच फूट एक इंच. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, घरात चौघं. दिवाळीपासून रिफाइंड तेल बंद करून शेंगदाण्याचं लाकडी घाण्याचं तेल आणते. पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. चहातली साखर सोडली, रोज अर्धा तास चालते, तरी काटा हलत नाही. आता ऑलिव्ह तेल आणू का?

उत्तर : वजनासाठी म्हणून आणू नका, ताई. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : पाच लिटर, चार माणसं, एक महिना. पाच लिटर तेल म्हणजे वजनाने साडेचार किलो. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणजे रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलातून. तेल घाण्याचं असो, रिफाइंड असो की परदेशातून आलेलं, हा ९ चा आकडा बदलत नाही. चहातली साखर सोडलीत ते चांगलंच केलंत. पण दोन चमचे साखरेचं जे वाचलं, ते फोडणीत एक चहाचा चमचा तेल जास्त पडलं की परत येतं.

हे मी माझ्याच नौपाड्याच्या स्वयंपाकघरात शिकले. आमच्या तेलाच्या भांड्यात आईची स्टीलची पळी असायची. एकदा ती भरून काट्यावर ठेवली, तर तेल भरलं २४ ग्रॅम. बटाट्याच्या भाजीला मी अशा दोन पळ्या घालत होते, म्हणजे चारशेहून जास्त कॅलरी एका भाजीत. त्याच दिवशी पळी काढली आणि भांड्यात चहाचा चमचा ठेवला. तो आजही तिथेच आहे.

भाजीपेक्षाही तेल कुठे जातं, तर पोळीत. चौघांच्या सोळा पोळ्या आणि प्रत्येकीच्या घडीत अर्धा चमचा धरा. झाले ३६ ग्रॅम, आणि भाजून वरून लावलेलं वेगळंच. मी चौघांना दिवसाला ६० ग्रॅमच तेल सांगते, म्हणजे निम्म्याहून जास्त पोळपाटावरच संपलं. आठवड्यातले चार दिवस फुलके करा. घडीची पोळी कराल तेव्हा वाटीत बोट टेकवून तेवढंच आत फिरवा, पदर सुटतात.

भाजीसाठी आपल्या आज्यांची पद्धत धरा. चमचाभर तेलात मोहरी तडतडू द्या, हिंग-हळद घाला, दुधी किंवा गवार टाका आणि वर खोलगट ताटलीत पाणी घेऊन झाकण ठेवा. भाजी वाफेवर शिजते, खाली लागत नाही. पाणी कमी पडलंच तर ताटलीतलं कोमट पाणी आत सोडा. कोबी, फरसबी, लाल भोपळा, सगळ्यांना हे चालतं. वांग्याला तेल लागतंच, ते महिन्यातून दोनदा मनापासून करा.

दाण्याचं कूटही हिशेबात धरायला हवं. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. कूट सोडू नका, त्यात प्रथिनंही आहेत. पण भाजीत कूट पडेल त्या दिवशी फोडणी आणखी लहान करा.

घाण्याचं तेल चवीला उत्तम, परवडत असेल तर जरूर वापरा. मात्र घाण्यावर दाणे कसे आहेत ते स्वतः बघा. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. रिफाइनिंगमध्ये ते निघून जातं, घाण्यात ते तेलाबरोबर उतरू शकतं. काळपट, सुरकुतलेले दाणे दिसले तर तिथून तेल घेऊ नका.

माणशी महिन्याला अर्धा लिटर, हे प्रमाण धरा. तुमचा डबा अडीच महिने पुरला पाहिजे. फोडाल त्या दिवशी झाकणावर तारीख लिहा. तेल पूर्ण बंद मात्र करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतात. अगदी कोरडं जेवलं की तासाभरात पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्यात जातो.

प्रश्न : वय ५८, कोपरखैरणे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६० आलं आहे. मित्र म्हणतो, तूप आणि खोबरेल तेल खा, बाकी तेलं वाईट. खरं काय?

उत्तर : दादा, हा सल्ला मानू नका. खोबरेल तेलातली ९० टक्के आणि तुपातली ६० टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, आणि एलडीएल वाढवते ती हीच. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास, सूर्यफूल आणि करडईत त्याहूनही कमी. वरणभातावर अर्धा चमचा साजूक तूप घ्या, ते सोडायला मी कोणालाच सांगत नाही. पण रोजची फोडणी तुपात नको. ओल्या खोबऱ्याचं वाटणही रोज नको.

सूर्यफूल आणि करडईत ओमेगा-३ ही हृदयाला चांगली चरबी जवळपास नसतेच. म्हणून एक डबा शेंगदाण्याचा, पुढचा सोयाबीनचा किंवा मोहरीचा, असे आलटून पालटून आणा. जेवताना चमचाभर जवसाची चटणी घ्या. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली आणा आणि तव्यावर तळण्याऐवजी तिखलं करा. डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, कारण ते कोणत्याच वनस्पती तेलात नसतं म्हटलं तरी चालेल. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती स्वतःहून थांबवू नका.

प्रश्न : तळणीचं उरलेलं तेल टाकवत नाही. काय करू?

उत्तर : मुळात लहान कढईत कमी तेल घेऊन थोडं थोडं तळा, म्हणजे उरणारच कमी. उरलेलं गार झालं की गाळून झाकून ठेवा आणि एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका. हॉटेलांसाठी २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलातली पोलर संयुगं (तेल तापून खराब होताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही. घरात ते मोजायला यंत्र नसतं, आपले डोळे आणि नाक असतं. तेल काळं पडलं, चिकट झालं, तापवल्यावर फेस धरू लागलं किंवा लवकर धुरकटलं, तर ते गेलं. असं तेल मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.