‘मी तोंडावर बोलते, मागे नाही’

पालकांकडून सारखा येणारा एक प्रश्न असा : मुलं जी गाणी ऐकतात, जे रिअ‍ॅलिटी शो बघतात, त्यातली भाषा आणि वागणूक त्यांच्यात उतरते का? आणि उतरत असेल तर ते सगळं बंद करून टाकायचं का? एका कुटुंबाबरोबर केलेल्या कामातून याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी चौदा वर्षांची. वर्गातल्या सात-आठ मैत्रिणींचा फोनवर एक ग्रुप होता. या मुलीने त्यात मतदान सुरू केलं : ‘या आठवड्यात ग्रुपमधून कोण बाहेर जाणार?’ जिला जास्त मतं पडली तिला काढून टाकायचं, आणि काढण्याआधी प्रत्येकीने तिला कारण सांगायचं. कारणंही ठरल्यासारखी होती. ‘तू फेक वाटतेस.’ ‘तू सगळ्यांशी गोड बोलतेस, तुझा स्वतःचा स्टँडच नाही.’ ‘तू गेम खेळतेस.’ बाहेर काढलेली मुलगी त्यानंतर शाळेत यायलाच तयार होईना. तिच्या घरच्यांनी शाळेला कळवलं, शाळेने या मुलीच्या आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि तिथून ते माझ्याकडे आले.

आईचं निदान तयार होतं. ‘‘हे सगळं त्या शोमुळे झालंय, मॅडम. आणि ती गाणी! काय एकेक शब्द असतात. आम्ही दोन्ही बंद केलंय. इअरफोनसुद्धा काढून घेतलेत.’’

मुलगी हाताची घडी घालून बसली होती. तिला एकटीला भेटले तेव्हा तिने पहिलंच वाक्य असं टाकलं : ‘‘मी तिच्या मागे एक शब्द बोलले नाही. जे बोलले ते तोंडावर. मागून बोलणाऱ्या मुली चांगल्या, आणि मी वाईट?’’

हे वाक्य मी फार गंभीरपणे घेतलं. आपण क्रूर वागलो असं तिला वाटतच नव्हतं. आपण प्रामाणिक वागलो असं वाटत होतं. माणूस दुखावला तर दुखावला, पण आपण ‘खरे’ राहिलो पाहिजे, ही तिची नीती होती. अशी नीती चौदाव्या वर्षी कुणी एकट्याने बसून घडवत नाही.

तिच्या आवडत्या शोमध्ये ही नीती रोज दिसत होती, हे खरंच. एका घरात माणसं कोंडायची, चोवीस तास कॅमेरे लावायचे आणि एकेकाला बाहेर काढायचं, हा साचा १९९९ साली नेदरलँड्समधल्या ‘बिग ब्रदर’ने रूढ केला आणि पुढे तो देशोदेशी गेला. दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग काढायचा, तर काय उरतं? भांडण उरतं. त्याला सुरुवात असते, चढ असतो, शेवट असतो. दोन मिनिटांत ते कळतं. दोन माणसं तासभर एकमेकांचं ऐकून घेतात आणि समेट करतात, ते पडद्यावर येत नाही. मग जो सगळ्यांशी जुळवून घेतो तो भागात जेमतेम दिसतो. जो दिसत नाही त्याला प्रेक्षक ओळखत नाहीत, आणि बाहेर जाताना त्याच्याबद्दल म्हटलं जातं की त्याचं काही व्यक्तिमत्त्वच नव्हतं. आरडाओरडा करणारा मात्र ‘रिअल’ ठरतो. वर्षानुवर्षं हे बघणाऱ्या मुलीने सौजन्याला ढोंग मानलं तर नवल नाही.

२०११ साली अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या संशोधन विभागाने ११ ते १७ वर्षांच्या अकराशेहून अधिक मुलींचं सर्वेक्षण केलं होतं. ‘गॉसिप हा मुलींच्या मैत्रीचा नेहमीचाच भाग असतो’ असं मानणाऱ्या मुली नियमितपणे रिअ‍ॅलिटी शो बघणाऱ्यांमध्ये ७८ टक्के होत्या, न बघणाऱ्यांमध्ये ५४ टक्के. आईला हे सांगितल्यावर ती वडिलांकडे वळून म्हणाली, ‘‘बघा, मी म्हणत होते ना.’’ तिला थांबवावं लागलं. हा आकडा शोमुळे मत बनतं असं सिद्ध करत नाही. ज्यांचं मत आधीच तसं आहे त्या मुलींना असे शो जास्त आवडतात, असंही असू शकतं. शिवाय न बघणाऱ्या मुलींपैकीही निम्म्याहून अधिक तेच मानत होत्या. ते त्यांनी कुठून उचललं?

इथे जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकाचं काम मला नेहमी उपयोगी पडतं. टीव्ही वर्षानुवर्षं बघितल्याने जगाबद्दलची समज कशी घडते, याचा त्यांनी दीर्घ अभ्यास केला. १९८० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेझोनन्स’ ही कल्पना मांडली : पडद्यावर दिसणारी गोष्ट जेव्हा माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या अनुभवाशी जुळते, तेव्हा तिचा परिणाम जास्त होतो. एकच गोष्ट दोन्हीकडून कानावर येते आणि पक्की होते. म्हणून ‘ही काय बघते?’ याच्याबरोबरच मी दुसरा प्रश्न विचारते : यातलं तिला ओळखीचं काय वाटतं?

आईवडिलांना मी एक साधं काम दिलं. आठवडाभर घरात जेव्हा जेव्हा हजर नसलेल्या माणसाबद्दल बोलणं निघेल, तेव्हा काय बोललं गेलं ते लिहून ठेवायचं. मुलीला सांगायचं नाही, स्वतःला सुधारायचंही नाही, फक्त लिहायचं. वडील आधी नाखूश होते. ‘‘आमच्या घरात मनात काही ठेवत नाहीत. जे आहे ते तोंडावर. त्यात लपवण्यासारखं काय?’’ मुलीचं वाक्य त्यांच्या तोंडून जवळजवळ जसंच्या तसं आलं होतं. मी त्यावर लगेच काही बोलले नाही.

पुढच्या वेळी आई वही घेऊन आली आणि स्वतःच वाचायला लागली. नणंदेला ‘नाटकी’ म्हटलेलं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला ‘सगळ्यांच्या पुढे पुढे करणारी’. मुलीच्या चुलतभावाचे गुण आणि हिचे गुण, कोण पुढे, कोण मागे. टीव्हीवर गाणाऱ्या एका लहान मुलीच्या दिसण्यावर शेरा. यातलं काहीही भयंकर नव्हतं, बहुतेक घरांत असंच बोललं जातं. पण सलग वाचताना आईचा आवाज बदलत गेला. माणसाला तोलायचं, शिक्का मारायचा आणि त्याला स्पष्टपणा म्हणायचं, हे मुलगी घरात ऐकतच होती. शोने त्याला नियम दिले, मतदान दिलं, टाळ्या दिल्या.

गाण्यांचं प्रकरण थोडं वेगळं निघालं. मुलीचं म्हणणं होतं, ‘‘मला बीट आवडतो. शब्द कोण ऐकतं?’’ पण शब्द तिला तोंडपाठ होते. मी तिला तिच्याच आवडीचं एक गाणं चाल न लावता, धडा वाचावा तसं हळू वाचायला सांगितलं. सुरुवातीला ती हसत होती. एका ओळीवर अडली. त्या ओळीत मुलीला वस्तूसारखं वापरून टाकून दिल्याची फुशारकी होती. ‘‘हे माझ्याबद्दल कुणी म्हटलं तर मी त्याला सोडणार नाही,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘पण गाणं मस्तच आहे.’’ दोन्ही खरं होतं आणि तिला त्यातलं एकही सोडायला लावण्याचं कारण मला दिसलं नाही. चाल शब्दांना चौकशीविना आत नेते. वाचून बघितल्यावर निदान चौकशी होते.

कुठल्या शब्दांची काळजी करायची, याबद्दल २००६ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. सुरुवातीला १२ ते १७ वर्षांच्या असलेल्या १,४६१ मुलामुलींशी संशोधक पुढची तीन वर्षं अधूनमधून बोलत होते. लैंगिक उल्लेख असलेली पण कुणाचा अपमान न करणारी गाणी ऐकण्याचा मुलांच्या पुढच्या लैंगिक वागणुकीशी संबंध दिसला नाही. माणसाला हीन लेखणारी लैंगिक गाणी जास्त ऐकणाऱ्या मुलांनी मात्र लैंगिक संबंध लवकर सुरू केल्याचं दिसलं. पालक बहुधा उलट करतात. प्रेमाच्या, शरीराच्या उल्लेखाने दचकतात, आणि अपमानाकडे कान जात नाही.

वडिलांचाही कान तिकडे गेला नव्हता. ‘‘आमच्या वेळची गाणी कशी होती! अर्थ असायचा,’’ असं ते म्हणाले, तेव्हा मुलीने त्यांच्याच आवडीचं एक जुनं गाणं त्याच पद्धतीने वाचून दाखवलं. त्यातली नायिका नाही म्हणते, वाट बदलते, आणि नायक तिच्या मागे जातच राहतो. तिचा नकार म्हणजे लाजणं, असं गाणं सांगतं. ‘‘बाबा, माझ्या मागे असा कुणी लागला तर तुम्ही काय कराल?’’ वडील म्हणाले, ‘‘पोलिसांत जाईन.’’ मग त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की इतकी वर्षं गुणगुणूनही हे कधी लक्षातच आलं नव्हतं. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली याच प्रवृत्तीवर लिहिलं : माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, आपल्यावर फारसा नाही, असं माणसाला वाटतं. दुसऱ्या पिढीच्या गाण्यातली वृत्ती लगेच टोचते. आपल्या गाण्यातली टोचत नाही, कारण ती ऐकतच आपण मोठे झालेले असतो.

त्या भेटीनंतर घरातली बंदी उठवायची ठरली. आईला हे जड गेलं. पण बंदीच्या काळात मुलगी मैत्रिणीच्या फोनवर शोचे तुकडे बघतच होती, आणि त्यावर घरात एक शब्दही बोलता येत नव्हता. एमी नेथनसन या संशोधिकेला २००२ सालच्या अभ्यासात हेच आढळलं होतं : किशोरवयीन मुलांवर टीव्हीची बंधनं जितकी जास्त, तितकी पालकांबद्दल नाराजी जास्त, आणि तेच कार्यक्रम मित्रांबरोबर बघण्याचं प्रमाणही जास्त. शेजारी नुसतं गप्प बसून बघण्यानेही भागत नाही, त्याचा अर्थ मुलं ‘हे चालतं’ असाच लावतात. बोलावं लागतं, आणि ते प्रवचन नसावं लागतं. ‘हे भांडण दाखवून कुणाचा फायदा झाला?’ ‘या घरात आज दिवसभर अजून काय झालं असेल?’ असे प्रश्न पुरतात.

मुलीबरोबर मी शोचा एक भाग आवाज बंद करून बघितला. पंधराएक मिनिटांत ती ओरडलीच. ‘‘मॅडम, हिचे केस ओले होते. आता कोरडे. परत ओले!’’ भांडणात ऐकणारीचा जो कुत्सित चेहरा दाखवला होता, तो त्या भांडणातला नव्हताच. दुसऱ्या कुठल्या तरी वेळचा तिथे जोडलेला होता. याच चेहऱ्यामुळे तिने त्या स्पर्धकाला ‘फेक’ ठरवलं होतं. नंतर ती स्वतःच म्हणाली की ग्रुपमधल्या त्या मुलीचे जुने मेसेजही तिने असेच निवडून एकाखाली एक लावले होते. हे माझ्याकडून ऐकलं असतं तर तिने खांदे उडवले असते.

आईने विचारलं, ‘‘म्हणजे हे शो वाईटच ना?’’ तसं मला वाटत नाही. १९९४ साली अमेरिकेत एमटीव्हीच्या ‘द रिअल वर्ल्ड’ या रिअ‍ॅलिटी शोमध्ये पेद्रो झामोरा नावाचा तरुण होता. तो समलिंगी होता, एचआयव्हीबाधित होता आणि एड्सबद्दल शाळाशाळांतून बोलायचा. ज्या आजाराबद्दल लोक घरात उच्चारही करत नव्हते, त्या आजाराचा माणूस तरुण प्रेक्षकांना ओळखीचा झाला. त्याची चेष्टा, त्याचं प्रेम, त्याचा थकवा त्यांनी बघितला. शेवटचा भाग दाखवला गेला त्यानंतर काही तासांतच, ११ नोव्हेंबरला, तो वारला. बावीस वर्षांचा होता. कॅमेरा तोच, एका घरात एकत्र ठेवलेली माणसंही तशीच. तिथे काय दाखवायचं ठरतं आणि आपण कशाला दाद देतो, यावर पुढचं अवलंबून असतं. प्रेक्षक अपमानाला मतं देतात तोवर निर्माते अपमान दाखवत राहतील, म्हणून ‘नुसती करमणूक आहे’ हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

पालकांनी शोवर न थांबता तातडीने मदत घ्यावी, अशा खुणा वेगळ्या आहेत. झोप उडणं, जेवण टाळणं, शाळा नको होणं, स्वतःला इजा करणं, दुसऱ्याला छळण्यात सतत आनंद मिळणं. बाहेर काढलेल्या मुलीत यातल्या काही दिसत होत्या, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र समुपदेशकाची व्यवस्था करावी, असा आग्रह मी शाळेकडे धरला.

माफीचा विषय आमच्या मुलीनेच काढला. तिची कल्पना अशी होती : ग्रुपवर सगळ्यांसमोर व्हिडिओ टाकायचा, रडून सॉरी म्हणायचं. मी विचारलं, ‘‘तो व्हिडिओ कोण बघणार?’’ ती बराच विचार करत राहिली. ‘‘सगळ्या. म्हणजे... परत तेच.’’ मग तिने हाताने पत्र लिहिलं, कुणालाही न दाखवता, मलाही नाही, आणि त्या मुलीच्या समुपदेशकामार्फत पोचवलं.

उत्तर आलं नाही. काही आठवड्यांनी ती मुलगी शाळेत परतली. ग्रुपमध्ये नाही, तो ग्रुप मोडलाच. वर्गात कामापुरतं दोघी बोलतात. आईने एकदा विचारलं, तिच्या घरी जाऊन मैत्री पुन्हा जुळवून देऊ का? मी नको म्हणाले. माफ करायचं की नाही, आणि केव्हा, हे त्या मुलीच्या हातात आहे.