एक फ्लॅश, एक स्टीलचा डबा आणि सहा महिने

दांडिया बाजार, वडोदरा इथून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: “मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. मामेभावानं दिलेल्या कॅमेऱ्यावर घरातल्या वस्तूंचे फोटो काढते. खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो सुरेख येतात, पण फ्लॅश लावला की सगळं सपाट दिसतं आणि मागे काळीकुट्ट सावली पडते. आता तिला वस्तूंच्या फोटोग्राफीतच करिअर करायचं आहे. मुंबईतला तीन महिन्यांचा कोर्स आणि लाइटचा संच मिळून खर्च दीड लाखाच्या घरात जातो. तिचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे, फोटो काय रविवारीही काढता येतात. आम्ही काय करावं?”

ताई, आधी पैशांचं बोलते. दीड लाख आत्ता खर्च करू नका. पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावून हा विषय मिटवूही नका. मला तिला घरी सराव करायला सहा महिने मिळवून द्यायचे आहेत, आणि ते का, हे तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यामुळे सांगते आहे.

खिडकीत सुरेख, फ्लॅशमध्ये सपाट. हे तिचं तिनं ओळखलं ना? पुष्कळ मुलं फ्लॅशचा फोटो वाईट आला की कॅमेऱ्याला दोष देतात आणि नवीन लेन्स मागतात. तुमच्या लेकीला फरक उजेडात दिसला. या कामात शिकवता न येणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात, पण हे दिसणं त्यातलं आहे.

आता त्या फरकाचं कारण. खिडकी मोठी असते आणि बाजूला असते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंद, आणि आपण बघतो त्याच दिशेनं तो प्रकाश फेकतो. त्यामुळे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि पितळेची समईसुद्धा कागदातून कापल्यासारखी दिसते. वस्तूच्या मानानं दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. म्हणून तिला सांगा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरव. साधा हातानं पॉवर बदलता येणारा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवता येणारा छोटा फ्लॅश, आणि तो दुरून पेटवणारा ट्रिगर काही हजारांत येतो. रावपुऱ्यातल्या कुठल्याही सुताराकडून दोन फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट करून घ्या, तिच्यावर बटर पेपर ताणून लावा. ती चौकट समईच्या डाव्या अंगाला, थोडी मागे, जवळ उभी करा आणि फ्लॅश तिच्या पलीकडे ठेवा. आता समईच्या दृष्टीनं दिवा म्हणजे तो कागद. तुमच्या वाड्याची खिडकीच तिनं टेबलावर आणली म्हणा ना, आणि ही खिडकी संध्याकाळी सातलाही उजळते.

इथे थोडं थांबते, कारण खरी गंमत यापुढे आहे. फ्लॅश कागदाच्या अगदी जवळ आणला तर कागदाच्या मधोमध तेजस्वी डाग पडतो आणि कडेकडेला उजेड विरत जातो. फ्लॅश दूर नेला की सगळा कागद सारखा उजळतो. चकचकीत वस्तूवर हाच कागद प्रतिबिंब होऊन उमटतो, म्हणून तो विरत जाणारा उजेड वस्तूच्या अंगावर गोलाई बनून दिसतो. संखेड्याचा लाखकाम केलेला पाळणा किंवा खुर्ची पाहिली असेल तिनं; मरून आणि सोनेरी रंगावर उजेडाचा एकच लांब पट्टा असला तर लाकूड जिवंत वाटतं, आणि चार बाजूंनी दिवे लावले तर तेच लाकूड प्लास्टिक वाटतं.

म्हणून पहिला गुरू म्हणून मी स्टीलचा डबा सुचवते. घरात आहे, फुकट आहे आणि कुणाचीही भीड धरत नाही. गोल डब्यात सगळी खोली दिसते: पंखा, दार, कॅमेरा घेऊन उभी असलेली ती स्वतः. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे शाळेत शिकलेलं वाक्य या डब्यापाशी पहिल्यांदा खऱ्या उपयोगाला येतं. डबा कुठे काय बघतो आहे हे शोधायचं आणि तिथे पांढरा थर्माकोल उभा करायचा. मग डबा सगळीकडून पांढरा आणि मेल्यासारखा राखाडी होतो. तेव्हा दोन्ही कडांना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्या पट्ट्या डब्यात काळ्या रेघा होऊन उमटतात आणि डब्याला आकार येतो. सेटवरची माणसं अशा काळ्या तुकड्याला ‘कटर’ म्हणतात. उजेड अडवायलाही तेवढंच शिकावं लागतं, हे पहिल्या महिन्यात पुष्कळांना पटत नाही.

डब्यानंतर काच घ्या. अत्तराची बाटली किंवा औषधाची तपकिरी बाटली चालेल. काचेवर समोरून उजेड टाकला तर फक्त डाग दिसतात. मागचा पांढरा कागद उजळला आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीपुरताच ठेवला, तर बाटलीच्या कडा आपोआप काळ्या होतात. काळी पार्श्वभूमी ठेवून तिच्या बाजूंनी उजेड आत आणला तर त्याच कडा पांढऱ्या चमकतात. सिरप निस्तेज दिसत असेल तर बाटलीच्याच आकाराचा पांढरा किंवा चंदेरी कागद कापून, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, बाटलीमागे तिरका लावायचा. आतलं द्रव पेटल्यासारखं उजळतं.

कॅमेऱ्याच्या आकड्यांचं थोडक्यात: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 100, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) 1/160 सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ/8. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा आला की घरातल्या ट्यूबचा उजेड चित्रात नाही असं समजायचं. नंतर फ्लॅश सुरू. ट्यूब आणि पिवळा बल्ब यांची सरमिसळ झाली की चांदी एका बाजूनं निळी, दुसऱ्या बाजूनं पिवळी दिसते. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; फ्लॅशचा उजेड साधारण 5500 केल्व्हिनचा, घरातला पिवळसर एलईडी 2700 ते 3000 चा, आणि कॅमेरा दोघांना एकाच वेळी सांभाळू शकत नाही. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. हे तिनं एकदा टेपनं मोजून करून बघावं.

एक काळजीही सांगते. जुना हॅलोजन वापरणार असाल तर बटर पेपर त्याला चिकटवू नका, तो पेट घेतो. आणि बंद पडलेला फ्लॅश घरी उघडू द्यायचा नाही. बॅटरी काढल्यावरही आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, जोराचा झटका देऊ शकतो.

आता बाबांच्या शंकेकडे येते. ती रास्त आहे. ते विचारणार, हे काम देतं कोण? आपल्याच शहरात बघा ना. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह आणि पंप बनवणारे कारखाने आहेत, त्यांना कॅटलॉग लागतात आणि त्यांचा प्रत्येक भाग चकाकत्या धातूचा असतो. औषध कंपन्यांना बाटल्या आणि स्ट्रिप्सचे फोटो लागतात. घडियाळी पोळीतले सराफ आता व्हॉट्सअॅपवर माल दाखवतात. लीलो चिवडो (ओला चिवडा) आणि भाकरवडी परदेशी जाते, तिला पाकिटावर चित्र लागतं. लग्नाच्या फोटोग्राफरांची कमी नाही, पण स्टीलचा व्हॉल्व्ह नीट उजळणारा माणूस शोधावा लागतो.

एआयनं हे सगळं काम जाईल का, हेही ते विचारतील. काही जाईल. कल्पनेतला डोंगर आणि त्याच्यापुढे ठेवलेली क्रीमची बाटली असलं चित्र कॉम्प्युटर करू लागला आहे. पण सराफाला स्वतःचीच बांगडी दाखवायची असते, तिच्या नक्षीसकट आणि सोन्याच्या नेमक्या रंगासकट. ग्राहकाच्या हाती आलेली वस्तू चित्रापेक्षा वेगळी निघाली तर माल परत येतो. माझ्या मते हे काम टिकेल, पण मध्यम दर्जाचं काम करणाऱ्यांचं टिकणार नाही. म्हणूनच मी पाया पक्का करायला सांगते आहे.

बी.कॉम. पूर्ण करू द्या. कोटेशन, जीएसटी, थकलेली बिलं, फोटो किती ठिकाणी आणि किती काळ वापरायचा याचा करार: या गोष्टी न येणारे उत्तम फोटोग्राफर मी हताश झालेले पाहिले आहेत. पदवीनंतर पुढचं शिक्षण हवं असेल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर कॅम्पसमध्ये फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा अवघड असते आणि तिथे पोर्टफोलिओ बघतात. तोवर आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सचं वार्षिक प्रदर्शन तिनं चुकवू नये, आणि सयाजीबागेतल्या म्युझियमच्या चित्रदालनात जाऊन युरोपीय तैलचित्रांपुढे एवढंच विचारावं: इथे उजेड कुठून येतो आहे? आणि बाबांना हेही सांगा की दादासाहेब फाळके याच शहरातल्या कलाभवनात शिकले. या गावाला कॅमेरा परका नाही.

अनुभवासाठी एखाद्या स्टुडिओत सुरुवातीला सहायक म्हणून जाणं मला कोर्सपेक्षा जास्त पटतं. स्टँड उचलायचे, केबल गुंडाळायच्या, काचेवरचे बोटांचे ठसे पुसायचे. पण दोन गोष्टी आधी ठरवा: संध्याकाळी घरी यायची वेळ आणि प्रवासखर्च. अनुभव मिळतो म्हणून फुकट राबवून घेणाऱ्यांकडे लेकीला पाठवू नका.

सहा महिन्यांत तिनं तीन वस्तू निवडाव्यात: स्टीलचा डबा, अत्तराची बाटली आणि देवघरातली समई. प्रत्येकीचे पंधरा-वीस वेगळे फोटो, आणि प्रत्येक फोटोमागे वहीत एक छोटी आकृती: वस्तू कुठे, कागद कुठे, फ्लॅश किती अंतरावर. ती वही मला चित्रांपेक्षा आधी बघायची आहे. परीक्षा संपली की मे महिन्यात तिला घेऊन या. फोटो मोबाइलवर नको, आठ बाय दहाच्या प्रिंट काढून आणा, आणि बाबांनाही सोबत आणा.